रेडिओच्या खोक्यातली अंडी

१९७३ साल होतं. त्या वर्षी थंडी लवकर आली, आणि आमच्या घरात कुणीही मोठ्याने बोलत नव्हतं. दाराची कडी हळू लावायची, भांडं आपटायचं नाही, जिना चढताना चपला हातात घ्यायच्या. पुढच्या खोलीत वन्सं पडून होत्या.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. त्यांना सातवा महिना लागत होता. याआधी दोनदा सातव्यातच सगळं संपलं होतं. या वेळी डॉक्टरांनी सांगितलं, पलंगावरून पाय खाली टेकवायचा नाही. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे जावई, लांब पल्ल्याची बस चालवायचे, घरी असायचे आठवड्यातून एखादा दिवस. म्हणून वन्संना आमच्याकडे आणलं. शिवाय आमच्या घरात माझ्या सासूबाई होत्या. त्या असताना वेगळा दवाखाना कशाला, असं सगळेच म्हणत.

सासूबाईंचं सारं आयुष्य बाळंतिणींच्या वॉर्डात गेलेलं. मेट्रन म्हणून रिटायर झाल्या. रिटायर झाल्या म्हणजे पगार थांबला. वॉर्ड काही थांबला नाही, तो आमच्या घरी आला. चादरीचे कोपरे त्यांच्याच पद्धतीने खोचायचे. पेशंटच्या पलंगावर बसायचं नाही, मग तो पेशंट स्वतःची लेक का असेना. पोटचा मुलगा त्यांना तोंडावर आई आणि पाठीमागे मेट्रन म्हणे. मीही मनातल्या मनात तेच म्हणायचे.

वन्संचा पलंग खिडकीला लागून होता. खिडकीतून समोरचं काकूंचं अंगण दिसे. काकू म्हणजे शेजारीण, तोंडाने फटकळ, कोंबड्या पाळायच्या. त्यांची एक पांढरी कोंबडी जिन्याखालच्या टोपलीत अंड्यांवर बसली होती. वन्सं दिवसभर तिच्याकडे बघत पडून राहायच्या. ती कोंबडी आणि त्या, दोघींनाही हलायची परवानगी नव्हती.

एके दिवशी दुपारी पुढच्या खोलीतून किंकाळी आली. मी दुधाचं पातेलं तसंच सोडून धावले. मागून मेट्रन. जिन्यावरून हे. तिघांच्याही मनात एकच गोष्ट. आम्ही दारात पोचलो तर वन्सं उठून बसल्या होत्या, हात खिडकीबाहेर, तोंड पांढरंफटक.

"कुत्रं," त्या म्हणाल्या. "कोंबडी नेली."

मेट्रननी आधी त्यांना आडवं केलं, नाडी धरली, पोटावर हात ठेवला, आणि मग श्वास सोडला. आम्हीही तेव्हाच सोडला.

"अंडी गार होतील, आई," वन्सं म्हणाल्या.

"होऊ देत. तू डोळे मीट."

"अगं, गार होतील ना ती!"

घरी आणल्यापासून वन्संनी काहीही मागितलं नव्हतं. पाणीसुद्धा समोर धरावं तेव्हा प्यायच्या. ही पहिली मागणी. हे तसेच खाली उतरले आणि काकूंकडून टोपली घेऊन आले. अकरा अंडी होती. काकू मागोमाग आल्याच.

"दोन-चार दिवसच बसली होती बिचारी. फोडून खा म्हणावं तर तेही नको वाटतं. तू काय करणार आहेस यांचं? स्वतः बसणार आहेस?"

"मी नाही," हे म्हणाले. "रेडिओ बसेल."

यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानात मेलेल्या रेडिओंची लाकडी खोकी पडलेली असत. त्यातलं एक मोठं उचलून आणलं, आतलं सगळं उपटून काढलं. पुढे जिथे जाळीचं कापड असतं तिथे काच बसवली. आत बल्ब, बल्बच्या आड पत्र्याचा तुकडा, खाली जुन्या टॉवेलची गादी, कोपऱ्यात पाण्याची वाटी. वर सरकतं झाकण. ते थोडं उघडलं की आतली ऊब कमी, मिटलं की जास्त. रेडिओची बटणं तशीच ठेवली होती. शोभेला.

पेटी तयार होत होती तेव्हा स्वयंपाकघरात मेट्रननी यांना गाठलं. त्या कुजबुजत होत्या, पण त्यांची कुजबुज भिंतीतून जायची.

"अक्कल गहाण ठेवलीस का? हा महिना कुठला चाललाय माहीत आहे ना? तिच्या डोळ्यांसमोर ती अंडी मेली तर?"

"आई, ती काहीतरी मागतेय. इतक्या दिवसांत पहिल्यांदा."

"आणि मेली तर?"

हे पेटीला काच बसवायला निघून गेले.  त्या दिवसापासून तो प्रश्न घरात राहायलाच आला. चहा पिताना, कपडे वाळत घालताना, जिना चढताना, माझ्या डोक्यात तेवढंच असे. मेली तर?

पण एकदा पेटी आली म्हटल्यावर मेट्रन मागे राहणाऱ्या नव्हत्या. पेटी पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवली आणि तिचा वॉर्ड झाला. हात धुतल्याशिवाय झाकणाला शिवायचं नाही. अंडी वळवायची ती वन्संनीच, पडल्या पडल्या हात घालून, सकाळ-दुपार-संध्याकाळ. आणि आत थर्मामीटर. घरात तापाचे दोन थर्मामीटर होते, दोन्ही मेट्रनच्या वापरातले. काकूंनी सांगितलं होतं की कोंबडीच्या पोटाखाली आपल्या बारीक तापाएवढी ऊब असते. मग तापाचाच थर्मामीटर नको का? मेट्रननी एक घेतला, झटकला, बँडेजच्या पट्टीने आत काचेजवळ बांधला. रिकाम्या पेटीचं झाकण कमीजास्त करून पारा साडेनव्याण्णवावर आणला आणि मगच अंडी आत ठेवू दिली.

"आता त्याला कुणी हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "बाहेरून वाचायचं."

काकूंनी दारातून डोकावून विचारलं, "काय गं, अंड्यांना भेटायची वेळ किती ते किती?"

"आपल्या घरात आता दोन पेशंट," हे म्हणाले. "एक ताई, एक रेडिओ. बोलायची परवानगी दोघांनाही नाही."

वन्सं हसल्या. मेट्रननी यांच्याकडे असं पाहिलं की हसू तिथेच थांबलं. पण मी ते ऐकलं होतं.

आठवड्याने आम्ही खोलीत अंधार केला. पुठ्ठ्याची नळी करून टॉर्चला लावली आणि एकेक अंडं उजेडावर धरलं. आत लाल कोळिष्टकासारख्या शिरा पसरलेल्या, आणि मधे एक ठिपका. तो ठिपका हलला. वन्संनी माझं मनगट इतक्या जोरात धरलं की संध्याकाळपर्यंत बोटांचे वळ होते. एक अंडं कोरं निघालं. दहांमध्ये जीव होता.

त्या दिवशी दुपारी मी वन्संची वेणी घालत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "वहिनी, एक सांगू? हसू नकोस."

"सांगा ना."

"मी काही नवसबिवस बोलले नाही हं. पण मनाने आपलं आपणच ठरवून टाकलंय."

"काय?"

त्या पेटीकडे बघत राहिल्या. "तुला कळलंय."

माझ्या हातातली वेणी सुटली. "वन्सं, कोंबडीची अंडी आहेत ती."

"हो ना. मीही मनाला तेच सांगते. ऐकत नाही." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "माझ्या चुलतसासूबाई काय म्हणाल्या होत्या, माहीत आहे? दुसऱ्या वेळी. माझ्या देखत म्हणाल्या, हिच्या पोटात ऊबच नाही, तिथे काय टिकणार."

"मग आई काय म्हणाल्या?"

"आई?" वन्सं म्हणाल्या. "आईने चादर बदलली. विश्रांती घे म्हणाली. दोन्ही वेळा तेवढंच." त्यांनी डोळे मिटले. "आईला सगळं कळतं. तिने कितीतरी जणी पाहिल्यात. ती बोलली नाही, त्यातच आलं सगळं."

मी वेणी परत घालायला घेतली.  या बाईने स्वतःचा आणि पोटातल्या जिवाचा निकाल रेडिओच्या खोक्यात नेऊन ठेवला होता, आणि घरात ते फक्त मला ठाऊक होतं. निदान मला तसं वाटत होतं.

मग थंडी वाढली. सकाळी खिडकीच्या काचेवर धुकं साचायचं. संध्याकाळ झाली, घरोघरी दिवे लागले की विजेचा जोर उतरायचा. पेटीतला बल्ब पिवळ्याचा तांबूस व्हायचा. मी धावत जाऊन काचेतून बघायची. पारा जिथल्या तिथे. साडेनव्याण्णव, फार तर किंचित वर. रस्त्यावर माणसं कानटोप्या घालून चालताहेत, आणि आमचा पारा तसूभरही हलत नाही.

"काय यंत्र झालंय!" हे म्हणायचे. "एवढा स्थिर तर मी स्वतः नाही."

एकदा सकाळी पाण्याची वाटी भरायला मी हात आत घातला. बोटांची पाठ एका अंड्याला लागली. मला ते गार वाटलं. गार म्हणजे बर्फ नव्हे, पण ऊब जी जाणवावी ती नाही. 

स्वयंपाकघरात जाऊन हळूच म्हटलं, "आई, अंडी जरा गार लागताहेत."

"पारा किती?"

"साडेनव्याण्णव. पण हाताला..."

"हाताला!" त्या म्हणाल्या. "वॉर्डात नव्या पोरी यायच्या, कपाळाला हात लावून सांगायच्या, सिस्टर, ताप वाटत नाही. मी त्यांना उभं करून रडवायची. हातावर विसंबायचं नाही, सूनबाई. हात खोटं बोलतो, काच बोलत नाही. तू आत्ता थंड पाण्यात भांडी घासून आलीस की नाही?"

आलेच होते.  पण धाकधूक गेली नाही. त्या रात्री आणि पुढच्या कित्येक रात्री मला झोपेत बोटांच्या पाठीवर ते अंडं लागायचं.

वन्संचा सातवा अर्धा सरला होता. मागच्या दोन्ही वेळा याच सुमाराला झालं होतं. कुणी तसं बोललं नाही, पण मेट्रन दिवसातून चारदा नाडी बघायला लागल्या, जावयांनी रजा घेऊन येऊ का म्हणून विचारलं, आणि वन्संनी अंड्यांशी बोलणं बंद केलं. आधी वळवताना प्रत्येकाला काहीबाही म्हणायच्या. आता नुसत्या वळवायच्या, आणि वळवून झालं की हात छातीशी धरून पडायच्या, भाजल्यासारखा.

एका संध्याकाळी त्यांना हुडहुडी भरली. गाल लाल, ओठ कोरडे. मेट्रन दूध घेऊन आल्या आणि दारातच थांबल्या.

"थर्मामीटर आण."

"तो काकूंकडे आहे, आई. त्यांच्या मिस्टरांना ताप आहे म्हणून परवाच..."

"मग पेटीतला काढ. लवकर."

मी झाकण सरकवलं, बँडेजची पट्टी सोडली, थर्मामीटर काढला. पारा पावणेशंभरच्या जवळ. मी तो मेट्रनच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला आणि पेशंटकडे वळता वळता मनगटाने झटकला. तीस वर्षांचा झटका. एक. दोन. तिसऱ्याला हात वर गेला आणि तिथेच राहिला.

त्या काचेच्या कांडीकडे बघत होत्या. मग त्यांनी मान वळवून पेटीकडे पाहिलं. मी त्यांचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावरून कुणीतरी हात फिरवून सगळं पुसून टाकलं होतं.

"आई?" वन्सं म्हणाल्या. "काय झालं?"

मेट्रननी थर्मामीटर वन्संच्या जिभेखाली ठेवला, घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. तोंडात थर्मामीटर असताना बोलता येत नाही. वन्संचे नुसते डोळे बोलत होते. आईच्या तोंडाकडे, माझ्या तोंडाकडे, परत आईकडे. मला काहीच कळलं नव्हतं, आणि त्यांना वाटत होतं की मला कळलंय. मी आयुष्यात खूप वाट बघितली आहे, पण त्या एवढ्याशा वेळाइतकी लांब वाट दुसरी नाही.

मेट्रननी थर्मामीटर काढला, दिव्याकडे धरला. "ताप नाही."

"मग तोंड असं का झालंय तुझं? बाळाचं काही..."

"तुझं सगळं ठीक आहे."

"खोटं बोलतेस! मागच्या वेळीही असंच म्हणालीस." वन्सं कोपरांवर उठू लागल्या. "वहिनी, तू सांग. काय झालंय?"

"मला नाही माहीत हो, वन्सं," मी म्हटलं. मला रडू फुटलं.

मेट्रनना खोटं बोलता आलं असतं. वॉर्डात बायकांशी किती गोड खोटं बोलावं लागतं ते त्याच मला सांगायच्या. मी बघत होते; त्या क्षणभर खिडकीकडे वळल्या, पदराला हात पुसले. मग परत आल्या आणि लेकीच्या पलंगावर बसल्या. पेशंटच्या पलंगावर.

"अंड्यांचं आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे माझंच," वन्सं म्हणाल्या.

"नाही. ऐक आधी." त्यांनी थर्मामीटर दोघींच्या मधे धरला. "तापाच्या थर्मामीटरचा पारा चढतो. आपोआप उतरत नाही. आत काच बारीक केलेली असते, पारा तिथे अडकतो, म्हणून तोंडातून काढल्यावरही वाचता येतो. झटकला तरच खाली जातो. मी तो पहिल्या दिवशी झटकून आत बांधला, आणि म्हटलं कुणी हात लावायचा नाही. इतके दिवस आपण जे वाचतोय ती आजची ऊब नाही. एकदा कधीतरी चढली होती, ती. बाकी वेळ पेटीत काय होतं, कुणालाही माहीत नाही."



"पेशंटच्या तोंडातून काढला की हात आपोआप झटकतो," त्या म्हणाल्या. "पेटीला तोंड नव्हतं. माझ्या हाताला सुचलंच नाही. सूनबाई सांगत होती, गार लागतंय म्हणून. मी तिला गप्प केलं. चूक माझी आहे."

मी लग्न होऊन आल्यापासून हे शब्द त्या घरात ऐकले नव्हते.

वन्सं पेटीकडे बघत होत्या. मला वाटलं, आता काहीतरी तुटणार. पण त्या हळूच म्हणाल्या, "म्हणजे गार पेटी होती."

"पेटी."

"आणि माझ्या वेळी?"

मेट्रननी थर्मामीटर मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "तुझ्या वेळी काय झालं ते मला माहीत नाही. डॉक्टरांनाही नव्हतं. दोन्ही वेळा मी सगळं तपासलं. काहीही सापडलं नाही. मला माहीत नव्हतं, म्हणून मी बोलले नाही."

"मला वाटलं, माहीत आहे म्हणून बोलत नाहीस."

"हो," मेट्रन म्हणाल्या. "ते मला आत्ता कळलं."

वन्संनी तोंड उशीत घातलं. त्या रडल्या, आणि मेट्रननी त्यांना रडू नको म्हटलं नाही. नाडीही बघितली नाही. नुसता हात धरून बसल्या.

थोड्या वेळाने उशीतून आवाज आला, "आता बसून काय राहिलीस? पेटी तापव ना."

हे दुकानातून आले तसे कामालाच लागले. झटकलेला थर्मामीटर आत ठेवला तर पारा पंच्याण्णवाची पहिली खूणसुद्धा गाठेना. ते पाहून यांचं तोंड एवढंसं झालं. दुसरा बल्ब जोडला, पेटीला बाहेरून घोंगडी गुंडाळली. आता दर वेळी थर्मामीटर काढायचा, झटकायचा, परत ठेवायचा, थांबायचं, वाचायचं. मेट्रन स्वतः करायच्या. टॉर्चवर अंडी धरली तर सगळी काळोखी दिसत होती. मोठी झालेली पिल्लं तशीच दिसतात, आणि मेलेलीही. एक-दोनांत काही हलल्याचा भास झाला. वन्सं म्हणाल्या, मला दाखवा. दाखवलं. त्या म्हणाल्या, "ठीक. आहेत तशी ठेवा."

यानंतरचे दिवस सगळ्यांत वाईट. आधी भीतीला काचेतला आकडा तरी होता, खोटा का असेना. आता काहीच नव्हतं. अंडी फुटायचा दिवस आला आणि गेला. दुसराही गेला. घर कान लावून बसलेलं. पाण्याची तोटी गळली तरी मला अंडं टिचल्यासारखं वाटायचं. मधेच एकदा वन्संच्या पोटात कळ आली. मेट्रननी बॅग भरली, हे रिक्षा आणायला धावले, आणि कळ गेली. बॅग तशीच दाराशी राहिली.

"पुरे आता," मेट्रन म्हणाल्या. "दिवस उलटून गेले. नासलेली अंडी घरात नकोत."

"तारीख तुझी आहे, आई," वन्सं म्हणाल्या. "अंड्यांना कुणी सांगितली? गारठ्यात होती ती. उशीर होणारच."

त्यांचा आवाज वेगळा होता. भीती होतीच, पण ती आता हात धरून चालणारी होती, मानगुटीवर बसलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केर काढत होते. पेटीतून आवाज आला. पहिल्यांदा वाटलं, केरसुणीचा. मी थांबले. परत आला. बारीक, चिडलेला, लांबून आल्यासारखा.

"आई," मी म्हटलं. माझा स्वतःचाच आवाज मला ओळखू येईना.

दोन अंडी टवकली होती. एकाच्या भोकातून चोच दिसत होती. काकूंना हाक गेली; त्या हातातलं काम टाकून आल्या. मेट्रन पेटीवर ओणवल्या. त्यांच्या बोटांची हालचाल मी बघत होते. त्या बोटांनी किती जीव बाहेर ओढून काढले होते त्याचा हिशेब नाही.

"अडकलंय," त्या म्हणाल्या. "चिमटा दे. जरासं सोडवते."

"अजिबात नको!" काकू म्हणाल्या. "सोलायला गेलात तर रक्त वाहून जाईल. त्याचं त्याला येऊ द्या."

"येत नाहीये ना!"

"आई," वन्सं म्हणाल्या, "हात मागे घे."

मेट्रननी हात मागे घेतले आणि पाठीशी एकमेकांत घट्ट बांधले. तशाच उभ्या राहिल्या, शिक्षा झालेल्या शाळकरी मुलीसारख्या. सकाळ संपली, दुपार झाली. कुणी जेवलं नाही. पहिलं पिल्लू गोल फिरत कवच कापत गेलं, थांबलं, मेलं असं वाटलं, परत कापू लागलं. आणि एकाएकी टोपण उडालं आणि एक ओलं, कुरूप, चिकट काहीतरी टॉवेलवर पडलं. वन्संनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

दुसरं मात्र चोच बाहेर काढून थांबलं. संध्याकाळपर्यंत आवाज येत होता, मग बंद झाला. बाकीची आतल्या आत कधीच थांबली होती.

मेट्रननी ते अंडं रुमालात गुंडाळलं आणि बाहेर न्यायला निघाल्या.

"आई, थांब," वन्सं म्हणाल्या. "मला बघायचंय."

"कशाला बघायचं ते?"

"माझी मला दाखवली नव्हती. दोन्ही."

मेट्रन दारात उभ्या राहिल्या. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. मग मेट्रन परत फिरल्या, रुमाल लेकीच्या तळहातावर ठेवला आणि उघडला. वन्सं त्याच्याकडे बघत राहिल्या. बोटाने चोचीला हात लावला. खूप वेळाने विचारलं, "कशी होती गं ती?"

"पहिला मुलगा होता," मेट्रन म्हणाल्या. "केस होते त्याला. दाट. दुसरी मुलगी. तुझ्यासारखं कपाळ."

आम्ही दोघी स्वयंपाकघरात निघून गेलो. काकूंनी चहा ठेवला, आणि त्या फटकळ बाई साखर घालायला विसरल्या. पुढच्या खोलीतून दोघींच्या बोलण्याचा आवाज येत राहिला, आणि त्यातून मधेच त्या पिल्लाचा.

सातवा सरला. आठवाही. वन्संना मुलगी झाली ती नवव्यात, दवाखान्यात, पहाटे. मेट्रन आत गेल्या नाहीत. बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या, हात पाठीशी. ती मुलगी आता वीज कंपनीत मोठी इंजिनिअर आहे. दिवे मंद झाले की मी अजून तिलाच फोन करून रागावते. जावयांनी लांब पल्ल्याची गाडी सोडली आणि शहरातली घेतली. वन्संना पुढे मूल झालं नाही, त्यांनी मागितलंही नाही. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या, झोपेत, लेकीच्या घरी. चुलतसासूबाई म्हातारपणी आजारी पडल्या तेव्हा वन्संनीच त्यांचं केलं. रोज कपाळाला हात लावून, असं त्यांनी मला मुद्दाम सांगितलं होतं.

काकू मुलाकडे गेल्या. कोंबड्या वाटून टाकल्या. यांचं दुकान टीव्ही आले तेव्हा डबघाईला आलं, नंतर बंद झालं. आता हेही नाहीत. ते खोकं माझ्याकडे आहे, त्यात मी लोकर ठेवते. बटणं अजून फिरतात.

पिल्लू कोंबडी निघालं. दिवसभर तिचं तोंड बंद नसे, म्हणून नाव रेडिओ. ती एकदाही अंड्यांवर बसली नाही. अंडं घालायची आणि त्याच्याकडे ढुंकूनही न बघता निघून जायची. मेट्रनना ते फार लागायचं. "जबाबदारी म्हणून नाही मेलीला," म्हणायच्या, आणि स्वतःच्या ताटातलं तिला टाकायच्या. रेडिओ गेली त्यानंतर वर्षभराने मेट्रन गेल्या. शेवटच्या आजारात मी त्यांचा ताप बघत असे. थर्मामीटर काढला की त्या डोळे न उघडता म्हणायच्या, "झटकलास?"

आता घरात सेलवर चालणारा, टीं-टीं वाजणारा थर्मामीटर आहे. त्यात पारा नाही, काच नाही. माझी नात हसते, पण मी तोही आधी झटकते. दोनदा. आणि तिच्या कपाळाला हात लावून बघते.